एका ठोक्याची चोरी

प्रति,
बोरीवलीतल्या घराघरांत बसवलेल्या त्या काळ्या राऊटरच्या नॅन्ड ड्रायव्हरमध्ये वेळेचे आकडे ठोकून बसवणारे इंजिनिअर यांस,



तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या कंपनीचं माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारखं काम करणारे बरेच आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. आरोप मात्र तुमच्यावरच आहे आणि तो साधा आहे: एक बाइट वाचायला चिपनं पाच ठोके मागितले होते, तुम्ही तिला चार दिलेत. राऊटरच्या आतल्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे पाच नॅनोसेकंद. तेवढी चोरी तुम्ही केलीत आणि तिची भरपाई गोराई, चिकूवाडी, शिंपोलीतल्या माणसांनी केली. त्यांच्यापैकी कोणी आयुष्यात नॅनोसेकंद हा शब्द वापरलेला नाही.

काय झालं ते आधी ऐका, कारण तुमच्यापर्यंत ते पोचलेलं नसणार. केबलवाल्यानं नव्या लॉटचे राऊटर लावले. थंडीत ते बरे चालले. मार्चपासून रडगाणं सुरू झालं. लाइट जाऊन आली की डबा उठायचा नाही, नुसताच लाल दिवा लुकलुकत राहायचा. केबलवाल्याचा मुलगा फोनवर सगळ्यांना एकच सांगायचा, "काकू, बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा." दहा मिनिटांनी तो खरंच चालू व्हायचा, त्यामुळे दोष कधी लाइटवर जायचा, कधी वायरवर, तर कधी "काकूंनीच काहीतरी दाबलं असेल" यावर. परदेशातल्या मुलाशी रविवारी व्हिडिओवर बोलणारे आजोबा, घरातून टॅलीचं काम करणारी ताई, क्लासचा व्हिडिओ बघणारी दहावीतली मुलगी, सगळे आपापल्या नशिबाला बोल लावत बसले. पुढे पुढे काही डबे बंद करूनही उठेनात. ते भंगारात गेले आणि लोकांनी पदरचे पैसे घालून नवे घेतले.

असा एक मेलेला डबा मी उघडला. बोर्डावरच्या सिरियलच्या पिनांना वायर लावली आणि बूटलोडर काय बोलतो ते वाचलं. जुन्या लॉटच्या बोर्डाशेजारी नव्याचा बोर्ड ठेवला. प्रोसेसर तोच, रॅम तीच, सर्किटही तेच. नॅन्ड फ्लॅशची चिप, म्हणजे वीज गेली तरी राऊटरचं सॉफ्टवेअर जपून ठेवणारी चिप, मात्र दुसऱ्याच कंपनीची. क्षमता तितकीच, १२८ मेगाबाइट, पिनाही जुळणाऱ्या. मग नॅन्ड कंट्रोलरचं टायमिंगचं रजिस्टर वाचलं. दोन्ही बोर्डांत आकडा एकच. चिप बदलली, तुमचा आकडा बदलला नाही. बूटलोडरच्या प्रॉम्प्टवरून त्या रजिस्टरमध्ये सावकाश वेळ लिहिली आणि तीच पानं पुन्हा वाचली. एकही चूक न येता वाचली गेली. चिप ठणठणीत होती. तुम्ही तिला मेलेली ठरवलं होतं.

आता हा आकडा नेमका कशाचा, ते वाचकांसाठी सांगतो. तुम्हाला ते माहीत असायलाच हवं होतं. नॅन्ड फ्लॅशमधून एक पान वाचायचं तर कंट्रोलर आधी वाचनाची आज्ञा देतो, मग चार बाइटांचा पत्ता, मग पक्की करणारी दुसरी आज्ञा. चिप आतून ते पान उचलून आपल्या बफरमध्ये आणते. त्याला अशा चिपमध्ये साधारण २५ मायक्रोसेकंद लागतात. तोवर तिची रेडी-बिझीची पिन खाली असते. पिन वर आली की कंट्रोलर रीड-इनेबल नावाची तार खाली-वर करू लागतो. तार एकदा खाली-वर झाली की एक बाइट बाहेर येतो. पान २०४८ बाइटांचं आणि त्याच्या जोडीला ६४ बाइट राखीव, म्हणजे एका पानासाठी तार २११२ वेळा हलते.

तार खाली गेल्यावर बाइट बाहेर दिसायला चिपला वेळ लागतो. तार किती वेळ खाली धरायची, किती वेळ वर धरायची आणि पूर्ण फेरा किती वेळात करायचा, हे सगळं डेटाशीटमध्ये छापलेलं असतं. १९८७ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅन्ड फ्लॅश जगासमोर मांडली. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक कंपनीच्या चिपसाठी वेगळं डेटाशीट उघडून वेगळे आकडे शोधावे लागत. तो गोंधळ मिटवण्यासाठी कंपन्या एकत्र आल्या आणि डिसेंबर २००६मध्ये ऑन्फी या मानकाची पहिली आवृत्ती निघाली. त्यात वेगाचे सहा मोड ठरवून दिले, ० ते ५. मोड ०मध्ये पूर्ण फेरा १०० नॅनोसेकंदांचा, मोड ४मध्ये २५चा, मोड ५मध्ये २०चा. मोड ५ची चिप बाइट बाहेर काढायला जास्तीत जास्त १६ नॅनोसेकंद घेते, मोड ४ची २० घेऊ शकते.

तुमच्या जुन्या लॉटमधली चिप मोड ५ची होती, नव्या लॉटमधली मोड ४पर्यंतच जाते. तिला मोड ४मध्ये तार किमान १२ नॅनोसेकंद खाली हवी, १० वर हवी आणि फेरा २५चा हवा. तुमच्या कंट्रोलरचं घड्याळ २०० मेगाहर्ट्झचं, ठोका पाच नॅनोसेकंदांचा. पाचनं भागून वर पूर्ण करा: तीन ठोके खाली, दोन वर, मिळून पाच ठोके, बरोबर २५ नॅनोसेकंद. चौथीतल्या मुलाचा हिशेब आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये दोन खाली आणि दोन वर आहेत. कंट्रोलर पुढच्या फेऱ्याच्या सुरुवातीला, म्हणजे २० नॅनोसेकंदांनी, बाइट उचलतो. चिपनं वचन दिलंय की बाइट २० नॅनोसेकंदांच्या आत येईल. बोर्डावरच्या तारेतून यायला लागणाऱ्या वेळेसाठी तुम्ही शिल्लक काय ठेवलंत? शून्य.

म्हणूनच थंडीत चाललं आणि उन्हाळ्यात पडलं. डेटाशीटमधला आकडा सगळ्यात वाईट परिस्थितीसाठी असतो. साध्या दर्जाच्या चिपसाठी तापमानाची हद्द ० ते ७० अंश असते आणि चिप गरम झाली की आतल्या हालचाली मंदावतात. तुमच्या लॅबमधल्या एसीत ती चिप १५-१६ नॅनोसेकंदांत उत्तर देत असेल. इथे मे महिन्यात, टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या, झरोके नसलेल्या डब्यात ती देत नाही. दहा मिनिटं बंद ठेवल्यावर डबा का उठायचा, ते आता कळलं ना? तेवढ्या वेळात चिप गार व्हायची. बोरीवलीत गाडी पुरती थांबायच्या आधी उडी मारणारा रोज पडत नाही; पण ज्या दिवशी पडतो त्या दिवशी दोष फलाटाचा नसतो.

तुम्ही म्हणाल, चुकीचे बिट दुरुस्त करायला ईसीसी आहेच की. ईसीसी चिपच्या झिजेसाठी आहे, तुमच्या घाईसाठी नाही. तुमच्या घाईनं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच केलं. वाचताना चूक दिसली की लिनक्समधला यूबीआय हा थर समजतो की तो ब्लॉक थकत चाललाय. तो बिचारा प्रामाणिकपणे तिथली माहिती उचलून दुसरीकडे नेतो आणि पहिला ब्लॉक पुसतो. म्हणजे धडधाकट ब्लॉक विनाकारण झिजत राहतो. त्याहून वाईट आहे खराब ब्लॉकांच्या यादीचं. १०२४ ब्लॉकांच्या अशा चिपमध्ये कारखान्यातूनच काही ब्लॉक खराब निघू शकतात आणि डेटाशीट किमान १००४ चांगल्या ब्लॉकांची हमी देतं. खराब ब्लॉकाची खूण राखीव बाइटांत असते आणि पहिल्या बूटच्या वेळी ड्रायव्हर ती वाचून यादी बनवतो. ही खूण वाचताना ईसीसीचं संरक्षण नसतं. बाइट अर्धवट वाचला गेला की चांगल्या ब्लॉकावर खराब असा शिक्का बसतो, आणि तुमच्याप्रमाणे यादी फ्लॅशवरच लिहून ठेवली की तो शिक्का कायमचा. राखीव ब्लॉक संपले की यूबीआय लिहिणंच बंद करतो. आमच्या इथले काही डबे थंड होऊनही उठेनासे झाले ते यामुळे. त्यांच्या चिपमध्ये खोट्या नोंदी भरलेल्या होत्या.

लिहिण्याचंही तेच. पत्त्याचा एखादा बाइट चिपनं चुकीचा पकडला, तर पुसायचा असतो एक ब्लॉक आणि पुसला जातो दुसरा. तिथे ईसीसी काय करणार?

आणि हे सगळं कशासाठी? वेगासाठी म्हणाल, तर तोही हिशेब मी केलाय. मोड ५नं एक पान बाहेर यायला सुमारे ४२ मायक्रोसेकंद लागतात, मोड ४नं सुमारे ५३. एका पानामागे साडेदहा मायक्रोसेकंदांचा फरक. या चिपमध्ये ६५,५३६ पानं आहेत. अख्खी चिप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली तरी एका सेकंदाहून कमी वेळ जास्त लागतो. तुम्ही वाचवलेला वेळ एवढाच. त्याच्या बदल्यात एकेका घराचं इंटरनेट कित्येक दिवस बंद राहिलं.

वेग वाढवणं गैर आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मोड ०वर रेंगाळणारा ड्रायव्हरही आळशीच. पण वेग चिपला विचारून घ्यायचा असतो. तसं विचारायची सोय तुमच्यासमोर होती. ऑन्फीची चिप पॅरामीटर पेज देते, त्याच्या सुरुवातीला ओ, एन, एफ, आय ही चार अक्षरं असतात, त्याच्या तीन प्रती असतात आणि प्रत्येकीत ती बरोबर वाचली गेली की नाही हे तपासायला सीआरसी असतो. चिप कोणकोणते मोड पेलते हे १२९ आणि १३०व्या बाइटात लिहिलेलं असतं. मानक असंही सांगतं की चिप कुठल्याही मोडमध्ये असली तरी मोड ०च्या वेळेत दिलेली रिसेटची आज्ञा तिला ओळखता आलीच पाहिजे. म्हणजे सुरुवातीला सुरक्षित पाऊल टाकायची हमीसुद्धा होती. आधी मोड ०, मग ओळख, मग चिप जेवढा पेलेल तेवढा वेग. एवढंच करायचं होतं.

आणि हे तुम्हाला स्वतःच्या हातांनी लिहावंही लागलं नसतं. लिनक्समध्ये २०१६च्या शेवटी आलेल्या ४.९ या आवृत्तीपासून नॅन्डच्या मुख्य भागातच ही व्यवस्था आहे. चिप कुठला मोड पेलते ते तो भाग ठरवतो, त्या मोडचे सगळे आकडे पिकोसेकंदांत ड्रायव्हरच्या हाती देतो. ड्रायव्हरनं फक्त ते आपल्या घड्याळाच्या ठोक्यांत बदलायचे आणि भागाकार वर पूर्ण करायचा. त्यासाठीचा मॅक्रोही कर्नलमध्ये तयार आहे. जगभरच्या लोकांनी हे काम फुकट करून ठेवलंय. तुम्ही ते बाजूला सारून, चिप कंपनीच्या नमुना बोर्डाच्या कोडमधला अर्थहीन आकडा उचललात आणि चिकटवलात. त्याच्या शेजारी तो कुठल्या चिपसाठी आहे याची एक ओळ लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"स्वस्तातल्या वस्तूत एवढं कोण बघतं?" हे वाक्य मी या धंद्यात फार ऐकतो. म्हणून पवईची एक गोष्ट सांगतो. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ टॅबलेट आला. त्या प्रकल्पाचं काम आयआयटी मुंबईत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली चाललं होतं. विद्यार्थ्याला तो ११३० रुपयांत मिळायचा होता. आत ऑलविनरचा ए-१३ प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम आणि ४ गिगाबाइट फ्लॅश. याहून स्वस्त काय असणार? तरीही ऑलविनरच्या स्वतःच्या नॅन्ड ड्रायव्हरमध्ये चिपची ओळख वाचून तिच्यासाठीचा वेग निवडणारा तक्ता होता. तो आदर्श होता असं मी म्हणत नाही. त्या कंट्रोलरचा नीट, सगळ्यांना वाचता येईल असा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये यायला २०१५ साल उजाडलं. पण समोर कोणती चिप आहे हे विचारावं लागतं, एवढं तरी त्यांना कळलं होतं. आकडा वर पूर्ण करायला एक पैसा लागत नाही. स्वस्ताईचा आडोसा घेऊ नका.

उलट स्वस्त वस्तूतच हे जास्त सांभाळायला हवं, कारण चिपची अदलाबदल तिथेच सगळ्यात जास्त होते. २०२१मध्ये चिपांचा तुटवडा होता तेव्हा मिळेल ती चिप बोर्डावर चढत होती. त्यात चूक नाही. कारखाना बंद ठेवण्यापेक्षा ते बरं. खरेदी खातं चिप बदलणार हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं एकाच चिपला चालेल असा ड्रायव्हर लिहून हात झटकायचे नसतात. "खरेदीवाल्यांनी आम्हाला कळवलं नाही" हे उत्तर मला मान्य नाही. तुमच्या कोडनं चिपला विचारलं असतं, तर कोणी कळवण्याची गरजच पडली नसती.

राऊटर फ्लॅशमधून सगळ्यात जास्त वाचतो ते चालू होताना. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, घरून काम करणारे आणि घरून शिकणारे सगळे ठप्प झाले. वीज परत येते तेव्हा शहरातला प्रत्येक डबा एकाच वेळी आपली फ्लॅश वाचत असतो. माणसांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते तीही नेमक्या त्याच वेळी. अशा वेळी न उठणारा डबा बनवणारा इंजिनिअर आपलं काम करत नाही, मग बाकीच्या दिवशी तो डबा कितीही छान चालो.

आता मागण्या. त्या मोजक्या आहेत आणि तुमच्या हातातल्या आहेत.

ड्रायव्हरमधला तो आकडा काढा. चिपचं पॅरामीटर पेज वाचा. ज्या चिपला ते नाही तिच्यासाठी ओळखीवरून डेटाशीटमधले आकडे घ्या. जी चिप ओळखीची नाही तिला मोड ०वर ठेवा. सावकाश चालेल, पण मरणार नाही. भागाकार नेहमी वर पूर्ण करा. चाचणी एसीत करून थांबू नका. आतली चिप ७० अंशांपर्यंत तापेल अशा गरम पेटीत डबा ठेवा, तिथे तो पुन्हा पुन्हा बंद-चालू करा आणि ईसीसीनं दुरुस्त केलेल्या बिटांची संख्या बघा. ती तापमानाबरोबर चढत असेल, तर आधी तुमचं टायमिंग तपासा, चिपला नंतर दोष द्या.

आधीच विकलेल्या डब्यांसाठी दुरुस्त फर्मवेअर पाठवा, आणि खराब ब्लॉकांची खोटी यादी पुसून कारखान्याच्या मूळ खुणांवरून ती नव्यानं बनवण्याची सोय त्यात ठेवा. ज्या ब्लॉकांच्या मूळ खुणा अजून शाबूत आहेत ते त्यानं परत मिळतील. ते डबे भंगार नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि उत्पादकावर जबाबदारी टाकतात. पण नियमांची भीती घालावी लागू नये. चांगली वस्तू फेकायला लावण्याची लाज वाटली तरी पुरे.

शेवटची मागणी सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या डब्यात लिनक्स आहे आणि लिनक्स जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिलं जातं. ते विकताना सोर्स कोड सोबत द्यावा लागतो, नाहीतर किमान तीन वर्षं मागेल त्याला तो देण्याचं लेखी वचन द्यावं लागतं. तुमच्या खोक्यात कोडही नव्हता आणि वचनही नव्हतं. तो कोड उघडा असता तर ही चूक मार्चमध्येच सापडली असती, एका ओळीत दुरुस्त झाली असती आणि तुम्हाला हे पत्र वाचावं लागलं नसतं. ज्यांनी फुकट दिलेल्या कर्नलवर तुम्ही धंदा केलात, त्यांची अट पाळा.

वाचकांनाही एक विनंती. नवा राऊटर घेताना दुकानदाराला किंवा केबलवाल्याला दोनच प्रश्न विचारा: याचं फर्मवेअर अपडेट किती वर्षं मिळणार, आणि याच्या लिनक्सचा सोर्स कोड कुठे मिळतो? बहुतेक वेळा त्याला उत्तर येणार नाही. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की तो प्रश्न वर कंपनीपर्यंत जातो, आणि तिथे एखाद्या इंजिनिअरला आपल्या कोडमधला तो आकडा पुन्हा एकदा तपासावासा वाटतो.

कळावे,
बोरीवली पश्चिमेचा एक रहिवासी